सिरॅमिक ब्रेसेस
सिरॅमिक ब्रेसेस : वाकडेतिकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात रांगेत आणण्यासाठी वापरायचे, दातांच्या रंगाशी मिळतेजुळते साधन. याला बोलण्यात ‘तारा लावणे’ म्हणत असले, तरी सिरॅमिकचे असतात ते दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट; त्यांच्या खाचेतून जाणारी तार बहुधा धातूचीच असते. तारेच्या मंद, सततच्या दाबाने दाताभोवतीचे हाड एका बाजूला झिजते, दुसऱ्या बाजूला नव्याने भरते आणि दात सरकतो.

इतिहास : 1955 मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल खरबरीत करून त्यावर रेझिन चिकटवण्याची रीत दाखवली. त्यामुळे पुढे प्रत्येक दाताला धातूचे कडे घालण्याची गरज उरली नाही. आधी आलेले प्लॅस्टिकचे ब्रॅकेट डागाळत आणि तारेच्या ताणाने वाकत. 1980 च्या दशकात सिरॅमिकचे ब्रॅकेट बाजारात आले. त्यांतील एका प्रकारासाठी वापरलेले अर्धपारदर्शक अ‍ॅल्युमिना हे सेराडाइन कंपनीने नासाच्या संशोधनाशी जोडलेल्या कामातून विकसित केले होते.

घडण : मुख्य द्रव्य अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. बारीक भुकटी साच्यात दाबून भाजली की बहुस्फटिकी ब्रॅकेट होतो. एकाच कृत्रिम नीलम स्फटिकातून कोरलेला ब्रॅकेट अधिक पारदर्शक असतो.

गुणदोष : मोहस मापश्रेणीत अ‍ॅल्युमिनाची कठिनता 9, एनॅमलची सुमारे 5. त्यामुळे ब्रॅकेट झिजत नाही, पण समोरचा दात त्यावर घासला तर एनॅमल झिजते. वरचे दात खालच्या दातांना फार झाकत असतील, तर खालच्या पटाशीच्या दातांना धातूचेच ब्रॅकेट लावणे हिताचे. सिरॅमिक ठिसूळही असते. उसाचे कांडे किंवा कडक चिक्की पुढच्या दातांनी तोडताना ब्रॅकेटचा कान उडू शकतो. खाचेत तारेचे घर्षण जास्त होते, म्हणून काही ब्रॅकेटांच्या खाचेला धातूचे अस्तर देतात.

निगा : हळदीचा डाग ब्रॅकेटवर सहसा बसत नाही, पिवळी पडते ती तार बांधणारी रबराची बारीक कडी. एका जेवणातल्या रश्श्यानेही तिचा रंग बदलतो. तपासणीच्या वेळी डॉक्टर ती बदलतात. ब्रॅकेटभोवती अन्न साचते, म्हणून प्रत्येक जेवणानंतर ब्रश करणे आवश्यक असते.

काढणे : सुरुवातीच्या काही ब्रॅकेटांची रासायनिक पकड इतकी घट्ट असे, की ते काढताना एनॅमलचा टवका निघण्याचा धोका होता. नंतर तळाची पकड यांत्रिक केली गेली. काही ब्रॅकेटांत मधोमध उभी कमकुवत रेघ ठेवतात. चिमट्याने दोन्ही बाजूंनी दाबताच ब्रॅकेट त्या रेघेवर दुमडतो आणि दात शाबूत राहतो.