तुरेवाला बदकचोच्या डायनासोर वऱ्हाडात होता का?

थोडक्यात उत्तर : भारतात त्याचं एकही खात्रीचं हाड आजवर सापडलेलं नाही. पण अमरावती जिल्ह्यात दुसऱ्या डायनासोरची घरटी नक्की होती.

तो दिसायचा कसा?
सगळ्यात प्रसिद्ध तुरेवाला म्हणजे पॅरासॉरोलोफस. कॅनडात सापडलेल्या सांगाड्यावरून विल्यम पार्क्स यांनी 1922 मध्ये त्याला हे नाव दिलं. डोक्यामागे गेलेला त्याचा लांब तुरा आतून पोकळ होता. नाकपुडीतून घेतलेला श्वास या नळ्यांमधून फिरून घशात उतरायचा. म्हणून तुऱ्याचा उपयोग तुतारीसारखा आवाज घुमवायला होत असावा, असं मानतात. चोच बदकासारखी पसरट असली, तरी मागे चारा दळायला शेकडो दात होते.

नातेवाईक कोण?
हा हॅड्रोसॉर कुळातला, इग्वानोडॉनचा नातलग. या शाखेच्या कमरेची हाडं पक्ष्यांसारखी दिसतात. गंमत म्हणजे पक्षी मात्र दुसऱ्याच शाखेतून, टी-रेक्सच्या गोतावळ्यातून आले.

मग आपल्याकडे कोण होतं?
अकोला-अमरावतीत बहुतेक ठिकाणी पायाखाली काळा बेसाल्ट किंवा पूर्णेचा गाळ आहे. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात हाडं टिकत नाहीत. डायनासोर शोधायचे तर त्याखालचे गाळाचे 'लमेटा' खडक हवेत. ते मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डीला उघडे पडले आहेत. महादेवाच्या यात्रेचं हेच ते सालबर्डी. अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी या परिसरातून डायनासोरच्या पुढच्या पायाचं हाड आणि अंड्यांचं घरटं नोंदवलं. ही अंडी लांब मानेच्या, शाकाहारी टायटॅनोसॉरची मानली जातात. टायटॅनोसॉर हे हॅड्रोसॉरचे फार दूरचे नातलग.

तुरेवाला का सापडत नाही?
हॅड्रोसॉर मुख्यतः उत्तरेकडच्या खंडांवर वाढले. भारत तर सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासूनही तुटून समुद्रात एकटा पडला होता. अर्थात समुद्र म्हणजे पक्की भिंत नव्हे. मोरोक्कोतही एक हॅड्रोसॉर सापडला, 2021 मध्ये त्याला 'अजनाबिया' नाव मिळालं. त्यामुळे उद्या आपल्याकडेही एखादं हाड निघू शकतं.

पण त्यासाठी पुरावा जागेवर राहायला हवा. घरट्यात अंडी किती, कशी मांडलेली, हे उचललेला दगड सांगू शकत नाही. सालबर्डीला गोल, कवचासारखा दगड दिसला तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. घरी आणू नका.