चित्रातली वसई आणि दगडातली वसई

मंडळी, विरार म्हटले की आगगाडी आठवते. १८६७ साली इथून मुंबईला लोकल गाडी जाऊ लागली, तेव्हा आठवावीच. पण याच स्टेशनापासून सायकलवर जाऊन येण्याजोग्या टापूत सोपाऱ्याचा स्तूप आहे, अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे आणि थोडे अधिक पाय मारलेत तर वसईचा किल्ला आहे. अशा वास्तूंची जुनी चित्रे अधूनमधून आपल्या हाती येतात. कुणाच्या पेटीत पिवळे पडलेले पोस्टकार्ड सापडते, कुठे जुन्या पुस्तकातले पान चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले असते. आपण ते बघतो आणि म्हणतो, "बघा, पूर्वी हे असे होते!" इथे जरा थांबावे. चित्र हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते.

वसईचेच घ्या. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांतले एक चित्र फार मोलाचे आहे. गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख अंतोनियु बोकारु याने १६३५ साली पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सगळ्या किल्ल्यांची एक पोथी तयार केली. तिच्यातली चित्रे पेद्रु बारेतु द रेझेंद याने काढली. तट, बुरूज, खाडी, चर्चे, घरे, सारे पाखराने वरून पाहावे तसे रंगवलेले आहे. पाहताना मन भुलते. पण विचारा, ही पोथी कुणासाठी? राजासाठी. आपले किल्ले किती, तोफा किती, माणसे किती, खर्च किती, हे त्याला कळायला हवे होते. म्हणून तट ठळक आला आणि भोवतालचा मुलूख बारीक झाला. हा मोजपट्टी लावून काढलेला नकाशा नव्हे. त्यावरून दोन बुरुजांमधले अंतर काढायला जाल तर फसाल. कोणती वास्तू कुणाच्या शेजारी होती आणि राज्यकर्त्याला कशाची मातब्बरी वाटत होती, एवढे मात्र त्यातून चांगले कळते.

पुढे इंग्रज आले आणि चित्रांचा छाप निघू लागला. हा धंदा समजून घेतला पाहिजे. चितारी जागेवर बसून चित्र काढी. ते चित्र विलायतेला जाई, तिथे दुसरा कारागीर ते तांब्याच्या पत्र्यावर कोरी, मग शाई भरून छाप काढीत, आणि पुष्कळदा तिसराच माणूस त्यात हाताने रंग भरी. कोरणाऱ्याने कोकण कधी पाहिलेले नसे. पत्र्यावर जे उजवीकडे, ते कागदावर डावीकडे येते. कोरताना उलटवायचे राहिले, तर सबंध इमारतच आरशात पाहिल्यासारखी फिरते. विरारपासून दूरचे, पण महाराष्ट्रातलेच उदाहरण देतो. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चिताऱ्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. ती लंडनला टॉमस डॅनियलने १८०३ साली छापून काढली. वेल्स १७९५ सालीच वारला होता. छाप बरोबर उतरला की नाही, हे सांगायला मूळ चितारी हयातच नव्हता! आणि चित्रे काढणारे सगळे गोरेच होते, असेही समजू नका. पुण्याचा गंगाराम तांबट याच वेल्सबरोबर काम करीत असे, आणि वेरूळची लेणी त्यानेही चितारली आहेत. त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे, असे मला वाटते.

आता पुन्हा वसईला येऊ. मूळचे गोव्याचे, पण मुंबईत डॉक्टरकी करणारे जोझे जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसई यांच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात छायाचित्रे आहेत, शिळाछापाची पाने आहेत आणि एक नकाशाही आहे. किल्ल्यातल्या चर्चांच्या फरशीत बसवलेल्या थडग्यांवरचे लेखही त्यांनी उतरवून घेतले. पावसाने आणि पायांनी झिजत चाललेली ती अक्षरे कागदावर आली, हे केवढे काम झाले!

छायाचित्र तरी खोटे बोलत नाही ना? खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे. चालता माणूस काचेवर उमटेना, उमटलाच तर धुरासारखा. म्हणून जुन्या छायाचित्रातली वास्तू ओस दिसते. तेवढ्यावरून गाव ओस होता, असे म्हणू नये.

याहून मोठी चूक आपण करतो ती छपराबाबत. बिनछपराचे चर्च चित्रात दिसले की मास्तरसुद्धा सांगून जातात, "हे मराठ्यांच्या तोफांनी पडले." वेढ्यात सेबास्त्यांव बुरुजाला सुरुंग लावून तो फोडला, हे खरे. पण तो तटाचा बुरूज. चर्चांची छपरे तर १६१८ सालच्या मे महिन्यातल्या वादळातही उडाली होती आणि पोर्तुगिजांनी ती पुन्हा घातली होती. पुढे वस्ती उठली, डागडुजी थांबली. लाकडी वासे कुजले, कौले खाली आली, भिंतीत पावसाचे पाणी शिरले आणि फटीत पिंपळ रुजला. पडक्या भिंतीचे चित्र, भिंत पडकी आहे एवढेच दाखवते. ती कुणी पाडली ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी कागदपत्रे वाचावी लागतात. मनोऱ्याचे चित्र पाहून एखादे पोर विचारील, "गुरुजी, घंटा कुठे गेली?" वसईच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे.

पोस्टकार्डाबद्दल एक सावधगिरी सांगून ठेवतो. त्यावर इंग्रजीत 'बॅसीन' छापलेले असेल तर लगेच हरखू नका. ब्रह्मदेशात इरावती नदीच्या मुखाकडे दुसरे एक बॅसीन आहे. त्याला आता पाथेन म्हणतात. कार्डावर पॅगोडा दिसला, तर ते आपले नव्हे.

सोपाऱ्याची गोष्ट निराळी आहे. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला 'बुरुड राजाचा कोट' उकरला. लोक ज्याला कोट म्हणत होते, तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. पोटात दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. करंड्याभोवती आठ लहान मूर्ती बसवलेल्या होत्या. पंडितजींनी मापे घेतली, कोणती वस्तू कुठे होती ते लिहिले आणि चित्रांसह छापून काढले. हे चित्र दिवाणखान्यासाठी नव्हे, राजासाठीही नव्हे. ते दुसऱ्या अभ्यासकाला पडताळून पाहता यावे म्हणून केलेले. टेकाड एकदा उकरले की पुन्हा जसेच्या तसे होत नाही. त्यामुळे आज तो कागद हाच स्तूपाच्या पोटाचा पुरावा आहे.

गुरुजनहो, मुलांना घेऊन वसईला जाल तेव्हा एखाद्या जुन्या छायाचित्राची प्रत बरोबर ठेवा आणि कॅमेरा कुठे मांडला होता ती जागा मुलांना शोधू द्या. खिडकीच्या कडेमागे मनोरा कितपत दिसतो, यावरून ती सापडते. मग चित्रातला एक एक दगड समोरच्या भिंतीत ताडून बघायला लावा: कोणता आहे, कोणता गेला, कुठे सिमेंट नवे भरले आहे. दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात गवत कमरेएवढे होते, आणि त्यात थडग्यांचे दगड दिसत नाहीत.