कवटीच्या एका दुर्मिळ विकाराचा शोध

क्रेनिओमेटाफिजिअल डिस्प्लेशिया हा कवटीचा अतिशय दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. तान्ह्या बाळाच्या नाकाचे मूळ रुंद दिसू लागते, ही बहुधा त्याची पहिली खूण. पुढे चेहऱ्याची व कवटीची हाडे जाड होत जातात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या वाटा त्यामुळे अरुंद होतात आणि चेहऱ्याचा लकवा, बहिरेपणा, कधी अंधत्वही येते. शस्त्रक्रियेने हाड कोरून दाब कमी करता येतो. पण हाड पुन्हा वाढू शकते.

हा विकार दीर्घकाळ १९३१ मध्ये वर्णन झालेल्या पाइल विकारातच गणला जाई. दोन्हींत लांब हाडांची टोके फुगीर होतात. १९५४ मध्ये जॅक्सन व सहकाऱ्यांनी त्याला वेगळे नाव दिले. तेव्हा निदानाचा मुख्य आधार एक्स-रे होता. हाड का वाढते, हे त्यातून कळत नव्हते.

२००१ मध्ये एएनकेएच या जनुकातील दोष सापडला. पायरोफॉस्फेट पेशीबाहेर जाण्याशी या जनुकाचा संबंध आहे आणि पायरोफॉस्फेट हाडात खनिज साठण्याला आवर घालते. विकाराच्या दुसऱ्या, अप्रभावी प्रकारामागे जीजेए१ हे जनुक असल्याचे २०१३ मध्ये कळले. दरम्यान, एएनकेएचमधील दोष घातलेल्या उंदरांत हाड झिजवणाऱ्या पेशीही नीट काम करत नसल्याचे दिसले होते. म्हणजे हाड घडवणे आणि मोडणे, दोन्ही तपासायला हवे होते, तेही माणसाच्या पेशींत. पण मोजक्या रुग्णांच्या हाडाचे नमुने मिळणार कसे?

वाट जपानमधून निघाली. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, तर २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांच्या साहाय्याने मूळ पेशींसारख्या केल्या. २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. २०१३ मध्ये याच विकाराच्या रुग्णांच्या रक्तपेशींपासून अशा मूळ पेशी तयार झाल्या. त्यासाठी सेंडाई विषाणू वापरला. तो पेशीच्या डीएनएत शिरत नाही, त्यामुळे रुग्णाचा जनुकसंच अबाधित राहतो. हाड कापण्याऐवजी थोडे रक्त पुरले.

या पेशींपासून हाड घडवणाऱ्या व झिजवणाऱ्या पेशी वाढवून निरोगी पेशींशी त्यांची तुलना करता येते, औषधेही आजमावता येतात. मात्र बशीतल्या पेशींना वाढत्या कवटीतला रक्तपुरवठा आणि स्नायूंचा ताण मिळत नाही. म्हणून तिथले निष्कर्ष प्राण्यांत व रुग्णांत पडताळावेच लागतात.