ला ग्राव्ह व मेज शिखर

फ्रान्सच्या आग्नेय भागांत, रोमांश नदीच्या खोऱ्यांत, ला ग्राव्ह नांवाचें एक लहानसें खेडें आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें १,४५० मीटर उंचीवर वसलेल्या या गांवासमोर ३,९८३ मीटर उंचीचें मेज शिखर उभें आहे. मराठी कानास या नांवानें लिहावयाचें मेज आठवेल; परंतु स्थानिक बोलींत त्याचा संबंध मध्यान्हाशीं आहे, कारण दोन प्रहरीं सूर्य या शिखरावर आलेला गांवकऱ्यांस दिसतो.

माँ ब्लाँ १७८६ सालीं व मॅटरहॉर्न १८६५ सालीं मनुष्यास वश झालें. मेज मात्र त्यानंतरही बारा वर्षें अजिंक्य राहिलें. नामांकित परदेशी गिर्यारोहक तेथून हात हालवीत परतले. अखेर १६ ऑगस्ट १८७७ रोजीं बोआलो द कास्तेल्नो हा विशींतील फ्रेंच तरुण माथ्यावर पोंचला. त्याचा वाटाड्या प्येर गास्पार हा त्याच पर्वतराजींतील एक शिकारी होता. गास्पारचा मुलगाही बरोबर होता. बाहेरच्यांचें धाडस आणि डोंगरच्या माणसाची नजर यांच्या संयोगानें हें यश लाभलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर आल्प्समध्यें स्कीचा खेळ हा मोठा व्यवसाय बनला. ठिकठिकाणीं उतार सपाट करण्यांत आले, यंत्रांनीं बर्फ दाबला जाऊं लागला, हॉटेलांच्या रांगा उठल्या. १९७६ च्या सुमारास ला ग्राव्ह येथेंही तारेवरील पाळण्यांचा मार्ग सुरू झाला व पुढें तो ३,२०० मीटरपर्यंत नेण्यांत आला. परंतु येथें पाळणा वर पोंचवितो, एवढेंच. खालीं येण्याची जबाबदारी ज्याची त्यानें वाहावयाची. सुमारें १,७५० मीटरांची ही उतरण कोणीं गुळगुळीत केलेली नाहीं. वाटेंत हिमनदीच्या भेगा आहेत, कडे आहेत, हिमलोटाचें भय आहे. म्हणून नवशिका येथें फारसा फिरकत नाहीं, गर्दी होत नाहीं, आणि जाणते स्कीपटूही बहुधा वाटाड्यास बरोबर घेतात.

हें स्वातंत्र्य फुकट मिळत नाहीं. डग कूम्ब्स हा अमेरिकन पुरुष बिकट उतारांवरील स्कीमध्यें अग्रगण्य होता. १९९१ व १९९३ सालीं अलास्कांतील जागतिक स्पर्धा त्यानें जिंकली होती. पुढें तो ला ग्राव्ह येथें वाटाड्याचें काम करूं लागला. ३ एप्रिल २००६ रोजीं त्याचा एक सोबती कड्यावरून कोसळला. त्यास पाहण्यासाठीं कूम्ब्स काठाशीं गेला आणि तोही घसरून मरण पावला. सोबतीही वांचला नाहीं. कौशल्यांत उणीव होती असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

अलीकडे या पर्वतावर दुसराच वाद उभा राहिला. पाळण्याचा मार्ग सुमारें ३,६०० मीटरपर्यंत वाढविण्याचें काम निघालें, तेव्हां ऑक्टोबर २०२३ मध्यें विरोधकांनीं हिमनदीवर तळ ठोकला. पाहुणे न आल्यास गांवाचा चरितार्थ चालावा कसा, असें एक पक्ष विचारतो. हिमनदी वर्षानुवर्षें वितळत असतां तेथें नवीन बांधकाम कशास, असें दुसरा विचारतो. दोन्ही प्रश्न खरे आहेत. गास्पारच्या काळीं शिखर जिंकावयाचें होतें. आज तें राखून पोट भरावयाचें आहे, आणि हें काम त्याहून सोपें नाहीं.