किल्ट, बालक आणि पालकाधिकार : स्कॉटलंडच्या इतिहासातील एक प्रश्न

पती-पत्नी विभक्त झाल्यावर मुलाचे शिक्षण, धर्म आणि निवास यांविषयी मतभेद उत्पन्न होतात, हे सर्वपरिचित आहे. मुलाच्या वेषाविषयीचा मतभेद मात्र सहसा क्षुल्लक मानला जातो. स्कॉटलंडमधील किल्टच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. एखाद्या विवाहसमारंभास मुलाने किल्ट नेसावा असा पित्याचा आग्रह असावा आणि मातेचा त्यास विरोध असावा, असा प्रसंग उद्भवल्यास वाद केवळ वस्त्राचा राहत नाही. मूल कोणत्या कुळाचे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असे त्यास स्वरूप येते. या प्रश्नाची उत्तरे तेथे काळानुसार पालटत गेली आहेत.

‘किल्ट’ हा शब्द मूळचा गेलिक नव्हे. वस्त्र वर खोचून घेणे या अर्थाच्या एका क्रियापदापासून तो बनला असून, ते क्रियापद स्कँडिनेव्हियन मूळाचे आहे. हायलंडचा जुना वेष म्हणजे कमरेस पट्ट्याने आवळलेले व खांद्यावरून घेतलेले एक लांबलचक वस्त्र होय. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा खालचा भाग स्वतंत्र झाला आणि आजचा आखूड किल्ट रूढ झाला.

या वेषास राजकीय अर्थ प्राप्त झाला तो त्याच्यावरील बंदीमुळे. 1745 च्या बंडाचा 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत मोड झाल्यावर ब्रिटिश पार्लमेंटने हायलंड वेषाविरुद्ध कायदा केला. 1 ऑगस्ट 1747 पासून किल्ट व प्लेड वापरणे हा गुन्हा ठरला. पहिल्या अपराधास सहा महिन्यांचा कारावास आणि दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. राजाच्या सैन्यातील लोक तेवढे यातून वगळलेले होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, कायद्याच्या शब्दांत प्रौढ पुरुषाबरोबर मुलग्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. मुलाने काय नेसू नये हे त्या काळी ना पित्याने ठरविले, ना मातेने; ते राजसत्तेने ठरविले. हा कायदा 1782 मध्ये रद्द झाला.

पुढील शतकात त्याच वेषास राजमान्यता लाभली. 1822 मध्ये चौथ्या जॉर्जच्या एडिंबरो-भेटीचा समारंभ सर वॉल्टर स्कॉट यांनी योजिला आणि राजा स्वतः हायलंड वेषात मिरविला. व्हिक्टोरिया राणीचे पुत्र बालपणी किल्ट वापरीत. 1863 मध्ये युवराजाच्या विवाहप्रसंगी चार वर्षांचा विल्हेल्म, म्हणजे पुढे जर्मनीचा कैसर झालेला राणीचा नातू, याच वेषात उपस्थित होता. प्रशियाच्या राजघराण्यातील हा बालक कोणत्याही हायलंड कुळाचा नव्हता! एकीकडे किल्ट असा बालवेषाची हौस बनत असता, दुसरीकडे अमुक आडनावास अमुक टार्टन हा संकेत याच शतकात दृढ झाला. आडनाव बहुधा पित्याचे असल्यामुळे किल्टही पितृकुळाची खूण ठरला. विभक्त मातेस तो वेष खुपतो, त्यामागे पुष्कळदा हे कारण संभवते.

कायद्याचा प्रवाह याच्या उलट दिशेने वाहिला. स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणेनंतर सोळाव्या शतकातच घटस्फोट मान्य झाला होता. तथापि मुलांवरील अधिकार प्राधान्याने पित्याचाच राहिला. 1861 च्या कायद्याने घटस्फोटाच्या दाव्यात लहान मुलांचा ताबा व शिक्षण यांविषयी हुकूम देण्याची शक्ती न्यायालयास मिळाली. 1925 च्या कायद्याने मुलाचे हित सर्वोपरी ठरविले आणि 1973 मध्ये माता व पिता यांचे अधिकार समान झाले. 1995 च्या कायद्याने तर परिभाषाच बदलली. ‘ताबा’ जाऊन ‘निवास’ व ‘संपर्क’ हे शब्द आले, आणि पालकांच्या अधिकारांच्या आधी त्यांच्या जबाबदाऱ्यांचा निर्देश झाला. मूल ही कोणाच्या तरी स्वाधीन असलेली वस्तू होय, ही कल्पना शब्दांबरोबर मागे पडली.

या कायद्यान्वये सामान्यतः प्रत्येक पालक दुसऱ्याच्या संमतीवाचून आपला अधिकार बजावू शकतो. परंतु महत्त्वाचा निर्णय घेताना दुसऱ्या पालकाचे आणि मुलाचे मत शक्य तोवर लक्षात घ्यावे, असे बंधन त्यावर आहे. बारा वर्षांचे मूल मत बनविण्याइतके जाणते असते, असे कायद्याने गृहीत धरले. वाद न्यायालयात गेलाच, तर हुकूम न देण्यापेक्षा देणे मुलास अधिक हितकर असल्याखेरीज न्यायालयाने तो देऊ नये, असा दंडक आहे. तेव्हा एका दिवसाच्या किल्टविषयी न्यायालयाने निवाडा करावा, अशी अपेक्षा क्वचितच सफल होईल. किल्ट नेसणे हा ‘महत्त्वाचा निर्णय’ आहे काय, याचा निर्णय प्रथमतः पालकांनाच करावा लागतो.

येथे इतिहासाचा उपयोग होतो. किल्ट हे आपलेपणाचे प्रतीक झाले, यास तो सक्तीने काढून घेतला गेला हे एक मोठे कारण होय. मातेने तो मुलास निषिद्ध केला, तर 1746 च्या कायद्याचीच घरगुती आवृत्ती निघते, आणि निषेधाने त्या वस्त्राचे आकर्षण वाढण्याचा संभव अधिक. पित्याने तो लादला, तरी सक्ती ती सक्तीच. कुळाचा अभिमान त्यातून उपजत नाही. ज्याच्या अंगावर ते वस्त्र चढावयाचे, त्यास विचारण्याची कल्पना कायद्याला सुचावयास सुमारे अडीचशे वर्षे लागली. विभक्त झालेल्या दोघा पालकांना तितका काळ घेण्याचे कारण नाही.