ज्वारी-तूर आंतरपीक पद्धती

खरीप ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरून दोन्ही पिके एकाच शेतात घेण्याची दख्खनच्या कोरडवाहू भागातील जुनी पद्धत. पाभरीने ज्वारी पेरीत असता मागे दोरीने बांधलेल्या वेगळ्या मोघ्यातून तुरीचे बी सोडतात. तुरीखेरीज मूग, उडीद, मटकी, चवळी ही शिंबावंत (शेंगा येणारी) पिकेही ज्वारी-बाजरीत घेतली जातात. ज्वारी साडेतीन-चार महिन्यांत निघते. तूर प्रारंभी सावकाश वाढते आणि ज्वारी कापल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत, खोलवर उरलेल्या ओलीवर फोफावते. पाऊस लवकर उघडला तर ज्वारी हाती लागते. कणसे भरताना पावसाने ती काळी पडली, तर तूर राहते. शेतकऱ्याचा हिशेब मुख्यतः हाच होता. शेंगांच्या पिकाने जमिनीचा कस टिकतो हा अनुभवही त्याच्या गाठी होता; मात्र त्याचे कारण सांगणे शास्त्राला फार उशिरा साधले.

बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना १८३८ च्या सुमारास असे आढळले की, क्लोव्हर व वाटाणा यांच्या पिकांत नायट्रोजनाची भर पडते, गव्हाच्या पिकात पडत नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये याचा पडताळा घेतला, तेव्हा अशी भर दिसली नाही. त्यांनी माती भाजून घेतली होती व झाडे काचेखाली ठेवली होती. त्यामुळे ज्यांच्याकडून हे कार्य होते ते सूक्ष्मजंतूच नाहीसे झाले. प्रयोगातील काटेकोरपणाच येथे आड आला. हेलरीगेल व व्हिलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये जाहीर केलेल्या आणि १८८८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी मुळांवरील गाठींचे कार्य सिद्ध झाले. त्याच वर्षी बायेरिंक यांनी गाठींतील जंतू वेगळे केले.

पुढच्याच वर्षी ब्रिटिश कृषिरसायनज्ञ फोल्कर भारतात आले. भारतीय रयतेला पिकांची फेरपालट ठाऊक नाही ही समजूत चुकीची असल्याचे त्यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात दाखविले व मिश्रपिकांचीही दखल घेतली. मुंबई इलाख्यात मांजरी (१९२३) व सोलापूर (१९३३) येथे सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनाचा भर मात्र साहजिकच ओल टिकविण्यावर राहिला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण आला. त्यानंतर सलग पीक व रासायनिक खत यांना महत्त्व आले आणि मिश्रपीक मागासलेपणाचे लक्षण ठरू लागले.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने हा विषय पुन्हा हाती घेतला. ज्वारीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ ठेवल्यास सलग ज्वारीच्या तुलनेने उत्पन्न थोडेच घटते आणि सलग तुरीच्या निम्म्याहून बरीच जास्त तूर वर मिळते, असे तेथे दिसून आले. नायट्रोजनाविषयीचे निष्कर्ष मात्र रूढ समजुतीला मुरड घालणारे आहेत. तूर उभी असताना शेजारच्या ज्वारीला तिच्याकडून नायट्रोजन फारसा मिळत नाही. गाठींतील बराचसा नायट्रोजन दाण्यांबरोबर शेतातून बाहेर जातो. उरतो तो गळलेल्या पानांत व मुळांत, आणि पुढील पिकाला हळूहळू मिळतो. सलग तुरीनंतरच्या मक्याला झालेला लाभ हेक्टरी सु. ४० किग्रॅ. नायट्रोजनाइतका भरला, आंतरपीक म्हणून घेतलेल्या तुरीनंतर तो अगदी थोडा होता. तुरीने ज्वारीला खत पुरविले असे म्हणण्यापेक्षा, जमिनीतील नायट्रोजनात ज्वारीशी फारशी स्पर्धा केली नाही, असे म्हणणे अधिक योग्य. तुरीच्या मुळांतून स्रवणारी अम्ले लोहाशी बद्ध झालेला फॉस्फरस मोकळा करतात, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. तांबड्या जमिनीत या गुणाला विशेष महत्त्व आहे.

विदर्भ व मराठवाड्यात १९९० नंतर खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. तुरीची ओळ राहिली, पण आता ती सोयाबीनमध्ये असते. दोन्ही पिके शिंबावंत असल्याने जोडीतील तृणधान्य गेले, आणि त्याबरोबर जनावरांचा कडबाही.