परीक्षा राहिली, पुस्तक लिहिलं

पारोळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. बी.एस्सी. झालीय. "सर, एम.एस्सी. थांबवून परदेशात सेवेला जाऊ का? अब्बा म्हणतात, वर्ष वाया जाईल."

मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. मुंबईत डॉक्टर झाले, पुढच्या पदवीची तयारी चालली होती. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चौघे परतले. कोटणीस डोंगरातल्या इस्पितळात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं, शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहिलं. दुसरं लिहीत असतानाच ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराने गेले. वय ३२, मुलगा काही महिन्यांचा. त्यांच्यावर पुस्तक लिहिलं ते आपल्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी. शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरच.

त्याआधी १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी तुर्कस्तानच्या जखमींसाठी पथक घेऊन गेले, तेव्हा अलीगढची काही मुलं शिक्षण सोडून सोबत निघाली होती. जज्बा मोठाच. पण टाके घालायला शिकलेला हात लागतो, आणि अन्सारी एडिंबरोहून तो शिकून आले होते.

म्हणून तिला विचारलं, "तिथे जाऊन नक्की काय करशील?" ती गप्प झाली. रविवारी तिच्या अब्बांकडे चहाला जाणार आहे.